दोन लोट्यांतलं मीठ

सरकारी कागदावर आम्ही देहरादून जिल्ह्यातले, चकराता तहसिलीतले. त्या कागदाचा आम्ही मान राखतो. रेशन घेतो, मत देतो, पटवारी आला की चहा पाजतो. पण आमच्या उतारावर बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, बाबा, तू कुठला? तो जिल्हा सांगणार नाही की तहसील सांगणार नाही. तो खत सांगेल. खत म्हणजे पाच गावांचं एक घर. देव एक, चराई एक, आणि भांडणंही सगळ्यांची मिळून एकच. आमची खत धरोटीची, आणि तिचा स्याणा, म्हणजे मुखिया, आजोबा-पणजोबांपासून आमच्याच घरातला. गावांत तंटा झाला तर आधी स्याणाच्या दारात यायचं, नाहीच मिटला तर देवाच्या अंगणात सगळ्या गावांची खुमडी बसवायची. खुमडीत हात वर करून मोजणी होत नाही. सगळे 'हो' म्हणेपर्यंत बसून राहायचं. बसायची ताकद ज्याची जास्त, त्याचा निकाल.

माझा थोरला भाऊ जालम सिंग स्याणा झाला तेव्हा दिसायला तरी तो अगदी शोभत होता. उंच, सरळ नाक, टोपी किंचित तिरकी. पण दादाला जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. शेजाऱ्याने नांगराला बैल मागितले, दिले. दुपारी दुसऱ्याने त्याच दिवसासाठी मागितले, त्यालाही दिले. मग सकाळी गोठ्याच्या दारात दोन माणसं एकमेकांकडे डोळे वटारून उभी, आणि स्याणाजी मागच्या वाटेने देवदाराच्या रानात पसार. अशा माणसाच्या हाती पाच गावं होती, आणि तरी आमच्या खतीचे कज्जे क्वचितच कोर्टाची पायरी चढले. त्याचं कारण आमच्या घरात चुलीपाशी बसलेलं असायचं. माझी भाभी, नारदेई.

भाभी आमच्याच खतीतल्या वरच्या कांडी गावची. आमच्याकडे नवरी स्वतःच वाजतगाजत नवऱ्याच्या गावी येते. सारी कांडी नाचत खाली उतरली, आणि नवरी सगळ्यांच्या पुढे, कारण मागच्यांच्या चालीने गेलो तर रात्र होईल असं तिचं म्हणणं. मी तेव्हा ओसरीवर बसून पाहत होतो. अंगणात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने पहिली गोष्ट काय पाहिली असेल? आमच्या गोठ्याचा मोडका खांब. घुंघटातून सासूला म्हणाली, "आई, हा पावसाळ्याआधी बदलायला हवा." आमची आई घाबरून दादाकडे पाहू लागली. दादा म्हणाला, "हो." तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द, आणि पुढे तीस वर्षं तोच चालला.

मी विकासनगरच्या मंडीत आल्याच्या आडतीवर नोकरीला होतो. गावी आलो की बघायचो, तंटा घेऊन आलेली माणसं ओसरीवर बसलेली, दादा मधोमध, आणि दोघांच्याही बोलण्याला 'हो, हो' म्हणतोय. आत भाभी पीठ मळतेय. आमच्या घरात एक रीत तिनेच घातलेली होती, जेवल्याशिवाय निकाल नाही. आणि जेवायला दोघे भांडखोर शेजारी शेजारी. एकाच्या ताटात तूप वाढताना दुसऱ्याला विचारणार, "काय रे, तुझ्या सुनेचं दुखणं बरं झालं का?" पहिला माणूस घास हातातच धरून ऐकणार, कारण त्याला ते दुखणं माहीतच नाही, दोन वर्षं बोलणं बंद.

एकदा बांधावरून कुऱ्हाडी उचललेले दोघे आले. भाभीने आतूनच हाक मारली, "अहो, निकाल होईल सावकाश. आधी माझी तुळई तेवढी रानातून आणून द्या. स्याणाजींची कंबर धरलीय." दादाची कंबर ठणठणीत होती. तो बिचारा लगेच कमरेवर हात ठेवून वाकला. देवदाराची ओली तुळई, एकट्याच्या बापाला उचलायची नाही. ते दोघे गेले, संध्याकाळी आले. पुढचा मागच्याला म्हणत होता, "अरे गाढवा, वळणावर सांगायचं तरी, खांदा मोडला माझा!" आणि मागचा हसत होता. बांधाचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

मी तिला चिडवायचो. "भाभी, पगार तुला मिळायला हवा."

"स्याणाला तरी कुठे पगार मिळतो, देवरा?" ती म्हणायची. "मान मिळतो. तो त्यांनाच असू दे. मला चूल पुरते."

एवढं मोठं मन असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तिने लगेच मला शेण काढायला पाठवलं असतं.

आता त्या वर्षाची गोष्ट. पंचायतीची निवडणूक आली आणि प्रधानकीची, म्हणजे सरपंचकीची, जागा बायकांसाठी राखीव झाली. झालं, दोन बायका उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांचे नवरे उभे राहिले. एक आमच्या गावच्या टीकम सिंगची बायको. दुसरी कांडीच्या खजान सिंगची. हा खजान म्हणजे भाभीचा सख्खा धाकटा भाऊ.

आमच्याकडे प्रचार असा होतो की भाषणाला कुणी विचारत नाही. पाण्याने भरलेला लोटा समोर ठेवतात. मत देणाऱ्याने देवाचं नाव घेऊन त्यात चिमूटभर मीठ टाकायचं आणि म्हणायचं, बोललो त्यातून फिरलो तर या मिठासारखा विरघळून जाईन, मी आणि माझं घर. एकदा मीठ पडलं की संपलं. दारू, नोटा, नातंगोतं, काही चालत नाही. मीठ घराचा कर्ता पुरुष टाकतो आणि घरातली सगळी मतं त्याला बांधली जातात. बायकांना कोणी विचारत नाही. बायकांसाठी राखीव जागा, आणि मीठ पुरुषांचं!

आल्याची काढणी चालू होती. टीकमने आधी स्याणाच्याच पुढे लोटा ठेवला. आपल्या गावचा माणूस, दादाने मीठ टाकलं. पुढच्या आठवड्यात दादा कांडीला गेला, मेव्हण्याचं आलं खणायला मदत म्हणून. संध्याकाळी खजानने लोटा आणून ठेवला आणि नुसतं म्हणाला, "जीजाजी." बस, तेवढंच. दादाने पुन्हा मीठ टाकलं.

हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं की दादा वाळायला लागला.

मी त्या दिवसांत मंडीची नोकरी सोडून कायमचा घरी आलो होतो. दादा ताटावर बसायचा, मंडव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी चिवडायचा, उठायचा. गालाची हाडं वर आली, कोट अंगावर लोंबायला लागला. मी त्याला विकासनगरला नेलं. डॉक्टरने छाती तपासली, रक्त तपासलं, म्हणाला, "काही नाही." देवाला बकरं बोललो. काही नाही. दादा रात्रंदिवस हाताच्या बोटांकडे बघत बसायचा. दादाचा मुलगा फौजेत, दूर सीमेवर. भाभी त्याला कळवू देईना. "त्याने तिथे बसून काय करायचं? बंदूक सोडून औषध पाठवायचं?" असं म्हणाली खरी, पण तिचंही जेवण सुटलं होतं.

एका सकाळी ती गुरांना मीठ देत होती. दगडावर खडा ठेवायचा, गाय चाटते, रोजचं काम. तिचे हात शेणाचे होते म्हणून दादाला म्हणाली, "तेवढं मीठ ठेवा दगडावर." दादाने डब्यात हात घातला. डबा पडला. दादा खाली बसला, आणि स्याणाजी, पाच गावांचा मुखिया, गुरांच्या पायाशी पोरासारखा रडला. तिथेच त्याने सगळं सांगितलं.

मी गवताचा भारा घेऊन दारात उभा होतो, मीही ऐकलं. दोन लोट्यांत मीठ टाकलेला माणूस आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही, कारण असं कुणी करत नाही. टीकमला मत दिलं तर खजानच्या लोट्यातलं मीठ त्याला खाणार. खजानला दिलं तर टीकमचं. घरी बसून राहिलं तर दोन्ही. आणि तो स्याणा! लोकांच्या शपथांना साक्षी राहणारा.

भाभीने आधी त्याला धुऊन काढलं. "एका जिभेने दोन घरं! बैल होते का ते, दोघांना देऊन रानात पळायला? आता कुठल्या रानात पळणार?"

"मी संपलो, नारदेई," दादा म्हणाला. "विरघळतोय बघ मी. कोट बघ."

"जेवत नाही तुम्ही. विरघळताय कसले!" ती ओरडली. मग पदराने त्याचं नाक पुसलं, खाली पडलेलं मीठ एकटीनेच गोळा केलं आणि गाईपुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावरून परत आली ती घागर भरायची विसरून. मला म्हणाली, "देवरा, तुला एक गंमत सांगू? खालच्या घरचा भादरू जेवत नाही. त्याच्या बायकोला वाटतंय पोटात जंत झाले. लोहाराकडचा जेवत नाही. आणि काल कांडीहून माझी मैत्रीण आली होती, तिच्या गल्लीत म्हणे तीन पुरुषांची झोप उडालीय. बायका म्हणतायत पाण्यातच काही तरी आलंय."

"पाण्यात?"

"पाण्यातच," भाभी म्हणाली. "लोट्यातल्या."

मला हसावं की रडावं कळेना. टीकम आणि खजान दोघेही घरोघर फिरले होते, गुपचूप, आणि कुणालाच कुणाला नाही म्हणवलं नव्हतं. एकाच खतीचे, एकमेकांच्या घरी मुली दिलेले लोक. आणि प्रत्येकाला वाटत होतं, साऱ्या मुलखात बेइमान मी एकटाच.

आम्ही दादाला सांगितलं. त्याला काडीचा दिलासा वाटला नाही. "त्यांचं मीठ त्यांच्या गळ्यात," तो म्हणाला. "माझं माझ्या." आणि तेही खरंच होतं. मीठ परत घ्यायचं तर ज्याने लोटा धरला त्यानेच चारचौघांत लोटा उपडा करून 'सोडलं' म्हणायला हवं. निवडणूक तोंडावर आलेली असताना टीकम आणि खजान आपणहून असलं काही करणार?

"खुमडी बोलवा," भाभी दादाला म्हणाली. "कांडीच्या अंगणात."

"कशासाठी म्हणून सांगू?"

"कांडीच्या ध्यांटीला मागणं मागायचंय म्हणून सांगा."

दादाने मान वर केली. मीही. आमच्याकडे बाई सासरी सून असते. तिथे तिने डोक्यावरचा रुमाल सरकू द्यायचा नाही, देवाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, खुमडीच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पण माहेरी ती ध्यांटी, गावाची लेक. लेक नाचेल, हसेल, अंगणात बसेल, तिला कुणी हटकणार नाही. आणि लेकीने एकदा अंगणात उभं राहून गावाकडे काही मागितलं तर गावाने नाही म्हणायचं नाही. त्या अंगणात खुमडी बसलेली असेल तर तो शब्द साऱ्या खतीला बांधतो. पण हे मागणं एकदाच. बायका ते जपून ठेवतात. नवरा मेला, दिरांनी घराबाहेर काढलं, पोरं उपाशी आहेत, अशा वेळेसाठी. बहुतेक जणी तशाच मरतात, न मागता.

"भाभी," मी म्हणालो, "विचार कर. पुढे काही झालं तर तुझ्यापाशी काही उरणार नाही."

"हा वाळून गेला तर ते मागणं घेऊन काय करू? लोणचं घालू?"

खुमडी बसली. पाच गावांचे पुरुष लोकरीचे कोट घालून अंगणभर. हवेत गारठा होता, मधे शेकोटी. दादा स्याणाच्या जागेवर, म्हणजे देवळाच्या पायरीपाशी, कोटात हरवलेला. एका बाजूला टीकम, दुसऱ्या बाजूला खजान. खजान गोरागोमटा, हसरा, सगळ्यांना विड्या वाटत होता. त्याला वाटत होतं, दीदी त्याच्या बायकोसाठी मतं मागायला आली आहे.

भाभी खालच्या वाटेने चढून आली. ढांटू रुमाल नीट बांधलेला, अंगावर लग्नातला चांदीचा हार. अंगणाच्या दगडी कडेपाशी क्षणभर थांबली. तीस वर्षं ती सासरच्या, खालच्या अंगणाला वळसा घालून गेली होती, सवयच ती. मग तिने पाय आत टाकला आणि शेकोटीपाशी येऊन उभी राहिली.

कांडीचा सगळ्यांत म्हातारा नैनू बोलला, "बोल, बेटा. लेकीचं काय मागणं?"

"दोन्ही लोट्यांचं मीठ सोडा," भाभी म्हणाली. "सगळ्यांचं. ज्याने टाकलं त्याचंही, ज्याने नाही टाकलं त्याचंही. ज्याला जिथे मत द्यायचं तिथे देऊ द्या."

अंगणात एकदम गलका झाला. टीकम उठलाच. "हा काय पोरखेळ आहे? मीठ म्हणजे मीठ!" खजानच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं. तो बहिणीजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, पण आम्ही पुढे बसलेल्यांनी ऐकलं, "दीदी, माझ्या बाजूने जास्त मीठ आहे. तू मला बुडवतेयस. आपल्या भावाला."

"ठाऊक आहे मला."

"कारण तरी सांग."

"लेकीला कारण विचारत नाहीत, खजान."

"मी विचारतो." आता तो मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पंचहो, मीठ सोडायची पाळी कधी येते? कुणीतरी दोन्हीकडे टाकलं असेल तेव्हाच ना? मग दीदीने त्याचं नाव सांगावं. देवाच्या दारात उभी आहे, खोटं बोलायची नाही. कुठल्या घरचा आहे तो बेइमान?"

मी आजूबाजूला पाहिलं. भादरू जमिनीकडे बघत होता. लोहार विडी पेटवत होता, पण ती आधीच पेटलेली होती. कांडीचे तीन-चार जण एकदम खोकायला लागले. आणि भाभी सरळ उभी, ओठ मिटलेले. तिला नाव सांगता येत नव्हतं आणि खोटं बोलता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला मी घाबरलेली पाहिली.

"सांग ना," खजान म्हणाला.

"मी," दादा म्हणाला.

कुणाला आधी कळलंच नाही आवाज कुठून आला. दादा उभा राहिला होता. "माझ्या बायकोला काय विचारतोस, खजान? मला विचार. टीकमच्या लोट्यात टाकलं, आणि आठ दिवसांनी तुझ्या. तू 'जीजाजी' म्हणालास, मला नाही म्हणवलं नाही. बेइमान मी आहे." त्याने टोपी काढली आणि स्याणाच्या जागेवर, त्या गुळगुळीत दगडावर ठेवली. "या दगडावर दोन तोंडांचा माणूस बसायचा नाही. आजपासून दुसरा बघा."

मला वाटलं, आता बाकीचे उठतील. भादरू उठेल, लोहार उठेल. एकही उठला नाही. सगळे दादाकडे असे बघत होते, जसं काही त्यांना असली गोष्ट स्वप्नातही सुचली नसती. मला असा संताप आला की नावं घेऊन एकेकाला उठवावं. तोंड उघडलंही. भाभीने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी ते मिटलं.

म्हातारा नैनू काठी टेकत उठला. मग म्हणाला, "लेकीने मागितलंय. कांडीने लेकीला आजवर नाही म्हटलेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत म्हणणारही नाही. खजान, लोटा आण. टीकम, तूही."

लोटे आले. टीकमने रागाने उपडा केला, पाणी कुणाच्या तरी बुटांवर उडालं. खजानने बहिणीच्या डोळ्यांत बघत हळूहळू ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. "सोडलं," म्हणाला. "सगळ्यांचं सोडलं. आणि तुलाही सोडलं, दीदी." तिथून तो घरी गेला तो मागे न बघता.

भाभी परत उतरायला लागली. दादा तिच्या मागून चालत होता, डोक्याला टोपी नव्हती. आमच्या गोठ्यापाशी आल्यावर ती वळून म्हणाली, "थंडी वाजेल. मफलर बांधा." आणि दादाने त्या संध्याकाळी चार भाकऱ्या खाल्ल्या. मी खोटं सांगत नाही. चार, राजम्याबरोबर.

निवडणूक झाली. खजानची बायको थोडक्यात पडली. स्याणाची टोपी लोकांनी माझ्या डोक्यावर ठेवली, पुतण्या फौजेतून परत येईपर्यंत म्हणून. मी नको म्हणत होतो, पण भाभी आतून म्हणाली, "ठेवून घे. जेवणं मी घालीन." तेव्हापासून मी ओसरीवर बसतो आणि भांडखोरांना तुळया आणायला पाठवतो. दादा शेतात राबतो, अंग धरलंय त्याने, आणि लोक म्हणतात स्याणा असताना तो असा हसताना कधी दिसला नव्हता.

मग पौष सरत आला आणि घरोघर मरोज सणाची बकरी कापली गेली. आमच्याकडे माघाचा सगळा महिना जेवणंखाणं, नाचगाणं, एकमेकांकडे जाणंयेणं. मांस कापून आढ्याला टांगायचं, महिनाभर पुरवायचं. आणि दर घरातून एक हिस्सा बाजूला काढायचा, सासरी गेलेल्या लेकीचा. तो तिच्या भावाने पोचवायचा. बर्फ असो, काही असो. हिस्सा आला नाही तर लेकीचं माहेर मेलं.

खजानचा हिस्सा आला नाही. आजूबाजूच्या सगळ्या सुनांचे आले, वाटांवरून भाऊ चढत उतरत होते. भाभी कामं करत होती, पण मधूनच कशालातरी अंगणात यायची आणि वरच्या वाटेकडे बघून आत जायची. मी म्हटलं, "मी जाऊन त्याचे कान उपटून येऊ का?" ती म्हणाली, "मागून घेतलेला हिस्सा हिस्सा नसतो, देवरा. आणि माझं मागून झालंय."

त्यानंतर एका दुपारी भादरूची बायको आली. पदराखाली काहीतरी. "ताई, आमच्याकडे जरा जास्तीचं झालं," म्हणाली आणि चुलीपाशी मांसाचा तुकडा ठेवून पळाली. आम्हाला हिस्सा द्यायचं भादरूला कारण काय? ना भाऊ, ना सोयरा. थोड्या वेळाने लोहाराच्या घरून आला. संध्याकाळी कांडीहून भाभीची ती मैत्रीण बर्फ तुडवत आली, तिच्याकडे तीन घरांचं. दुसऱ्या दिवशी खालच्या गावातून. मग ज्यांच्याशी आमची धड ओळखही नव्हती अशा घरातून. आल्या, ठेवलं, गेल्या. पुरुष एकही आला नाही, सगळ्या बायका.

माझी ट्यूब पेटली तेव्हा मी चुलीपाशी बसून गदगदा हसायला लागलो. "भाभी! हे सगळे! अगं, अर्धी खत दोन्ही लोट्यांत होती! थांब, मोजतो. भादरू एक, लोहार दोन..."

तिने माझ्या हाताला चिमटा काढला. बोटांनी नव्हे, चुलीतल्या तापलेल्या चिमट्याने. "मोजू नकोस."

"अगं पण..."

"मोजलंस तर नावं लक्षात राहतील. उद्या तू स्याणा म्हणून त्या दगडावर बसशील, समोर भादरू येईल, आणि तुला मांस आठवेल." तिने सगळे तुकडे एकाच दोरीला ओवले, पुढचे मागे, मागचे पुढे, आणि दादाला आढ्याला टांगायला सांगितले. कुठला कुणाचा ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

माघ संपायला आला होता. अंगणात तांदीचा फेर नाचून सगळे घरी येत होते. दारात खजान उभा. दाढी वाढलेली, बूट बर्फाने भरलेले, काखेत गाठोडं. दादा उठला, मी उठलो. भाभी उठली नाही. भाकरी भाजत राहिली.

"हिस्सा आणलाय," खजान म्हणाला.

"उशीर झाला."

"ध्यांटीचा हिस्सा ठेवून घेतला तर देव विचारतो, नैनू म्हणाला."

"देवाच्या भीतीने आणला असशील तर परत ने, खजान. माझ्याकडे मांस आहे. वर बघ."

खजानने वर आढ्याकडे पाहिलं. दोरी भरलेली. तो काही मूर्ख नव्हता, त्याला कळलं असणार. बुटातल्या बर्फाचं पाणी उंबऱ्यावर सांडत होतं. मग तो आत आला, बहिणीच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "घरात मरोजचं जेवण घशाखाली उतरेना, दीदी. तुझ्याशिवाय उतरेना."

भाभीने तवा खाली ठेवला. गाठोडं त्याच्या काखेतून ओढून घेतलं, सोडलं, आणि त्यातलं मांस दोरीला न लावता तिथल्या तिथे चुलीवर चढवलं. रडत होती की धूर लागला, मी विचारलं नाही. "बूट काढ आधी," ती त्याला म्हणाली. "शिजायला वेळ आहे."